पडणारा खटका काय सांगतो?

पावसाळा सुरू झाला, की घरातील वीजसुरक्षेचे खटके ‘विनाकारण’ पडत असल्याच्या तक्रारी शहरोशहरी वाढतात. कारण सापडत नाही म्हणून खटकाच वगळून टाकण्याचा मार्ग सर्रास अवलंबिला जातो. वस्तुतः यांपैकी बहुतेक खटके विनाकारण पडत नाहीत. त्यांच्यामागचे कारण शोधणे हे कोणाचेच काम राहिलेले नाही, हा खरा प्रश्न आहे.

जूनमधील पहिल्या जोरदार सरींनंतरचे हे चित्र मुंबई-ठाण्यापासून पुणे-नाशिकपर्यंत थोड्याफार फरकाने सारखेच असते. पहाटे घरातील सारे दिवे एकाएकी मालवतात. जिन्यात दिवा असतो, शेजारी पंखा फिरत असतो. अंधार फक्त आपल्याच घरात. दाराजवळच्या पेटीतील मोठा खटका खाली आलेला दिसतो. तो वर केला की कधी टिकतो, कधी तत्क्षणी खाली येतो, तर कधी तासाभराने, नेमकी घाईची वेळ साधून पडतो. वायरमन येतो, टेस्टरने दोन-चार ठिकाणी पाहतो आणि ‘लाइन ठीक आहे, ईएलसीबीच खराब झाला असेल’ असे निदान करतो. नवा खटका बसतो. आठवडाभरात तोही पडू लागतो. मग तिसऱ्या फेरीत वीतभर तार जोडून तो खटका विजेच्या वाटेतूनच वगळला जातो. त्यानंतर घरात पुन्हा अंधार होत नाही आणि प्रश्न सुटला असे सर्वजण मानतात. धोक्याची सुरुवात मात्र तेथूनच होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांनुसार अलीकडच्या अनेक वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. यातील सर्वच मृत्यू घरात झालेले नाहीत. शेतातील पंप, लोंबकळणाऱ्या तारा, रस्त्यावरचे खांब यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तथापि घरातील ओल्या न्हाणीघरात, धुण्याच्या यंत्रापाशी किंवा पाण्याच्या पंपाजवळ होणारे अपघात टाळण्याचे साधन आज शेकडो वा फार तर काही हजार रुपयांत उपलब्ध आहे आणि असंख्य शहरी घरांत ते भिंतीवर बसविलेलेही आहे. ते असूनही निकामी केले जात असेल, तर त्याची कारणमीमांसा व्हायला हवी.

खटके अनेक, कामे वेगळी

या गोंधळाचे पहिले कारण भाषेतच आहे. ‘फ्यूज उडाला’, ‘मेन पडला’, ‘ट्रिप झाले’ हे शब्द सरसकट वापरले जातात. प्रत्यक्षात पेटीत दोन भिन्न जातींचे पहारेकरी असतात आणि त्यांचे काम अगदी वेगळे असते.

त्यांपैकी एमसीबी हा जुन्या किटकॅट फ्यूजचा वारसदार आहे. तो तारेचे रक्षण करतो. तारेच्या कुवतीपेक्षा अधिक प्रवाह बराच वेळ वाहिला, तर त्यातील द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि खटका सावकाश पडतो. फेज आणि न्यूट्रल यांचा थेट संयोग झाला, तर चुंबकीय यंत्रणा त्याला तत्क्षणी पाडते. घरांत सामान्यतः वापरला जाणारा ‘सी’ जातीचा एमसीबी त्याच्या नेमून दिलेल्या प्रवाहाच्या पाच ते दहा पट प्रवाहाला असा तात्काळ पडतो.

दुसरा पहारेकरी म्हणजे आरसीसीबी. लोक आजही त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. त्यावर ‘टी’ असे अक्षर लिहिलेली छोटी कळ असते, ती त्याची ओळख. हा माणसाचे रक्षण करतो. किती वीज वापरली गेली याच्याशी त्याला कर्तव्य नाही. फेजच्या तारेतून जितकी वीज घरात गेली, तितकीच न्यूट्रलमधून परत आली काय, एवढेच तो पाहतो. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल, तर त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतात आणि कडे शांत राहते. थोडा जरी प्रवाह ओल्या भिंतीतून, यंत्राच्या पत्र्यातून अथवा माणसाच्या देहातून जमिनीत गेला, तरी जमाखर्च जुळत नाही आणि खटका पडतो. काही घरांत ही दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ असतो.

म्हणून ‘खटका का पडतो’ या प्रश्नाआधी ‘कोणता खटका पडतो’ हा प्रश्न विचारला पाहिजे. एमसीबी पडत असेल तर जादा भार, थेट संयोग किंवा सैल जोड यांचा शोध घ्यावा लागतो. पेच सैल असला तरी त्या जागी उष्णता निर्माण होऊन एमसीबी अवेळी पडतो. आरसीसीबी पडत असेल तर शोध गळतीचा आहे. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की निदान पहिल्याच पावलाला चुकते.

तीस मिलिअँपिअरचे गणित

घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअरचा असतो. २३० व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा जुना दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या जेमतेम नवव्या भागाइतकी ही गळती. इतकी क्षुल्लक मर्यादा का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर मानवी शरीरात आहे.

१९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत अशा संरक्षक यंत्रणेचे आरंभीचे प्रयोग झाले. पुढे अमेरिकेत बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी विजेच्या धक्क्याचा शरीरावरील परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासला आणि १९६१ मध्ये गळती ओळखणारे संवेदनशील उपकरण तयार केले. साधारण दहा ते सोळा मिलिअँपिअर प्रवाहाला माणसाच्या हाताचे स्नायू असे आखडतात, की पकडलेली वस्तू त्याला सोडता येत नाही, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. त्याहून अधिक प्रवाह छातीतून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरसीसीबी धक्का लागूच देत नाही किंवा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर रोखून धरतो, असे नाही. ओल्या हाताने जिवंत पत्र्याला स्पर्श झाल्यास शरीरातून शे-दोनशे मिलिअँपिअर प्रवाहही वाहू शकतो. आरसीसीबी त्या प्रवाहाचा काळ कमी करतो. मानकानुसार ३० मिलिअँपिअरला त्याने ३०० सहस्रांश सेकंदांच्या आत, तर त्याच्या पाचपट प्रवाहाला ४० सहस्रांश सेकंदांच्या आत पडले पाहिजे. माणूस दचकतो, पण बहुधा वाचतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल पकडणाऱ्याला, जमिनीत गळतीच होत नसल्यामुळे, हा पहारेकरी ओळखू शकत नाही. तो अखेरचा आधार आहे, बेफिकिरीचा परवाना नव्हे.

‘एमसीबी आहे ना, मग हा कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर साध्या भागाकारात मिळते. समजा गिझरच्या कांडीतून वीज पत्र्यात उतरली आणि इमारतीच्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. २३० व्होल्टला ५० ने भागले की ४.६ अँपिअर येतात. सोळा किंवा वीस अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीच्या वापरातला प्रवाह आहे. तो जन्मभर पडणार नाही आणि गिझरचा पत्रा जिवंत राहील. आरसीसीबीच्या दृष्टीने मात्र हीच गळती मर्यादेच्या दीडशेपट आहे.

नेहमीचे संशयित

गळतीच्या कारणांत पहिला क्रमांक बहुधा गिझरचा लागतो. त्याच्या कांडीत तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीला सूक्ष्म तडा गेला की ही पूड ओल शोषते. म्हणूनच अनेकदा गिझर सुरू करताच खटका पडत नाही, काही मिनिटांनी पडतो. पाणी तापविण्याची कांडी, इस्त्री, विजेची किटली या सर्वांना हाच न्याय लागू आहे.

दुसरा गट ओलीचा आहे. बाहेरच्या भिंतीतून झिरपलेले पाणी आतल्या नळीत उतरते आणि स्विचबोर्डाच्या मागे साचते. गच्चीवरील दिवा, फाटकाजवळची घंटा, सज्जातील प्लग, पाण्याच्या टाकीचा पंप ही ठिकाणे पावसाळ्यात हमखास तपासावीत. किनारपट्टीच्या शहरांत ओलीबरोबर क्षारही असतात आणि क्षारयुक्त ओल विजेला अधिक सहज वाट देते. दुपारी ऊन पडले की सारे सुरळीत होते, त्यामुळे संध्याकाळी आलेल्या वायरमनला काहीच सापडत नाही. ‘भुताटकी’ वाटावी असा हा लपंडाव प्रत्यक्षात केवळ हवामानाचा असतो.

तिसरा गट नूतनीकरणाचा. पडद्याच्या दांड्यासाठी किंवा खोट्या छतासाठी भिंतीत मारलेला स्क्रू आतल्या तारेच्या आवरणाला घासून जातो. त्या दिवशी काहीच घडत नाही. वर्षभराने, पहिल्या ओलाव्यात, तो स्क्रू बोलू लागतो. म्हणून ‘यंदा घरात कोणते काम झाले’ हा प्रश्न कुठल्याही उपकरणाच्या वयाइतकाच महत्त्वाचा आहे.

चौथे कारण सर्वांत नवे. संगणक, दूरचित्रवाणी संच, चार्जर अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आत विजेतील व्यत्यय गाळणारी छोटी गाळणी असते. तिच्यातून अल्पसा प्रवाह अर्थिंगमध्ये जातो. हा दोष नसून रचनेचाच भाग आहे. प्रत्येकाची गळती अर्धा-एक मिलिअँपिअर, क्वचित त्याहून अधिक. पण वीस वर्षांपूर्वी जेथे एक दूरचित्रवाणी आणि एक फ्रिज होता, तेथे आज डझनभर अशी उपकरणे एकाच आरसीसीबीखाली असतात. मानकानुसार ३० मिलिअँपिअरचा खटका १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. ३० पर्यंत थांबण्याचे बंधन त्याच्यावर नाही. घराची नित्याची गळतीच दहा-बारा झाली असेल, तर ओल्या हवेचा थोडासा भार किंवा विजेच्या कडकडाटासरशी आलेली लहर त्याला पाडायला पुरते. अशा घरात दोषी एकही उपकरण नसते. तेथे एकाच आरसीसीबीवरचा भार दोन-तीन आरसीसीबींत किंवा प्रत्येक मंडळाच्या स्वतंत्र आरसीबीओत विभागणे हाच इलाज.

दोषी एक, पकडला जातो दुसराच

सर्वांत फसवे प्रकरण न्यूट्रलचे आहे. अनुभवी वायरमनही येथे गोंधळतात. न्यूट्रलमध्ये ‘करंट नसतो’ अशी लोकसमजूत आहे. प्रत्यक्षात फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो. आरसीसीबीच्या पुढे कोठेतरी न्यूट्रलची तार अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकली, तर परतीच्या प्रवाहाला दोन वाटा फुटतात. काही हिस्सा जमिनीतून जातो आणि जमाखर्च बिघडतो.

याचा परिणाम विचित्र असतो. घरात फारसा वापर नसेल, तेव्हा खटका टिकतो. वातानुकूलन यंत्र किंवा मिक्सर सुरू केला की परतीचा प्रवाह वाढतो, त्याबरोबर जमिनीतून जाणारा हिस्साही वाढतो आणि खटका पडतो. घरातील मंडळी वातानुकूलन यंत्राला दोष देतात. ते दुरुस्तीला जाते, निर्दोष ठरून परत येते. तोवर मिक्सरवर आळ आलेला असतो. दोष मात्र कदाचित देवघरातल्या दिव्याच्या तारेत दडलेला असतो.

त्यात भर अशी, की बहुतेक घरांतील एमसीबी आणि भिंतीवरचे स्विच केवळ फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे ज्या खोलीत दोष आहे, तिचा एमसीबी बंद केला तरी न्यूट्रलची गळती थांबत नाही. ‘सगळे बंद करून पाहिले, तरी पडतो’ या तक्रारीचा उलगडा बहुधा येथे होतो. स्विच बंद करणे आणि पिन बाहेर काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे म्हणूनच ध्यानात ठेवावे लागते.

न्यूट्रलचाच दुसरा प्रकार म्हणजे उसनवारी. घरात दोन आरसीसीबी असतील आणि एखाद्या दिव्याची फेज एकातून, न्यूट्रल दुसऱ्यातून घेतली असेल, तर तो दिवा लावताच एक किंवा दोन्ही खटके पडतात. इन्व्हर्टर बसविताना हीच चूक वारंवार होते. इन्व्हर्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. वीज गेल्यानंतर इन्व्हर्टरवर चालणारे दिवे-पंखे मुख्य आरसीसीबीच्या पहाऱ्याबाहेर असतात. त्यांना संरक्षण हवे असेल, तर इन्व्हर्टरच्या पुढे स्वतंत्र आरसीसीबी लागतो.

शोधाची रीत

हे सारे पाहता निदान हे अंदाजाचे नव्हे, क्रमाचे काम आहे. त्यातील पहिला टप्पा घरातील कोणीही प्रौढ व्यक्ती, पेटीचे झाकण न उघडता आणि हात कोरडे असताना, पार पाडू शकते. खटका कधी पडला, तेव्हा पाऊस होता काय, कोणते उपकरण चालू होते, याची आठ-दहा दिवसांची साधी नोंद ठेवली तरी अर्धे निदान होते. रात्री अडीच वाजता कोणीही काही चालू न करता खटका पडत असेल, तर आपोआप चालणाऱ्या यंत्रांकडे पाहावे. फ्रिजमधील बर्फ वितळविणारी तापकांडी हे त्याचे नमुनेदार उदाहरण.

दुसऱ्या टप्प्यात सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्याच्या वेळी खटका पडतो, त्या मंडळातील सर्व उपकरणांच्या पिना काढून पुन्हा तेच करावे. पिना काढल्यावर खटका टिकला, तर दोष उपकरणात आहे. एकेक पीन परत लावताच तो हाती लागतो. पिना काढूनही खटका पडला, तर दोष भिंतीतल्या तारेत आहे. आणि प्रत्येक वेळी वेगळेच मंडळ दोषी दिसू लागले, तर संशय न्यूट्रलवर घ्यावा.

येथून पुढचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच. त्याच्याकडे टेस्टरखेरीज दोन साधने असायला हवीत. पहिले मेगर. बंद केलेल्या मंडळावर ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन ते तारेच्या आवरणाचा रोध मोजते. हा रोध किमान एक मेगाओहम असावा. ३० मिलिअँपिअर गळती होण्यासाठी तो सुमारे साडेसात हजार ओहमपर्यंत घसरलेला असावा लागतो, यावरून निरोगी आणि आजारी तार यांतील अंतर ध्यानात येईल. मेगर लावण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून ठेवावी लागतात आणि न्यूट्रलच्या तारा पट्टीवरून एकेक करून वेगळ्या कराव्या लागतात. न्यूट्रलचा चोर त्याशिवाय सापडत नाही. दुसरे साधन गळती मोजणारा क्लॅम्प मीटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या चिमट्यात एकत्र धरले, की चालू घराची एकूण गळती आकड्यात दिसते.

आरसीसीबी स्वतःच बिघडला असण्याची शक्यता या साऱ्यानंतर येते. तोही यंत्र आहे, बिघडू शकतो. पण ज्याची साक्ष गैरसोयीची वाटते, त्यालाच आधी खोटे ठरविण्याची रीत न्यायाची नाही. ‘टी’ लिहिलेली कळ अधूनमधून दाबून पाहणे हीच त्याची घरगुती परीक्षा. कळ दाबून खटका पडला नाही, तर तो बदललाच पाहिजे. मात्र ही कळ केवळ खटक्याची यंत्रणा तपासते. घराचे अर्थिंग ठीक असल्याचा तो पुरावा नाही.

रोगापेक्षा भयंकर इलाज

निदानाचा हा क्रम टाळून जे ‘इलाज’ प्रचलित झाले आहेत, ते रोगापेक्षा भयंकर आहेत. खटक्याला तारेने वळसा घालणे हा त्यातला सर्वज्ञात प्रकार. तीसऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा खटका बसविणे हा दुसरा. असा खटका आगीपासून काही संरक्षण देतो, माणसाच्या जिवाला मात्र तो पुरेसा नाही.

तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण तो यशस्वी झाल्यासारखा दिसतो. गिझरच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पीन काढून टाकली किंवा आतली हिरवी तार सोडविली, की खटका पडायचा थांबतो. गळती थांबलेली नसते. तिची जमिनीत जाण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. पत्रा जिवंत होऊन वाट पाहत राहतो. पहिला ओला हात लागतो, तेव्हा ती वाट माणसाच्या देहातून पुरी होते. त्या घरात आरसीसीबी शाबूत असेल तर तो त्या क्षणी पडेल. तोही वगळलेला असेल, तर पडणार ते केवळ माणूस.

एमसीबीच्या बाबतीतही अशीच पळवाट आहे. जुन्या इमारतीत दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर वातानुकूलन यंत्र आणि गिझर एकत्र चालविले, की सोळा अँपिअरचा एमसीबी पडतो. तार बदलणे खर्चिक, म्हणून बत्तीस अँपिअरचा एमसीबी बसविला जातो. मग भिंतीतील तारच फ्यूजचे काम करू लागते. उन्हाळ्यात ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ असे दोन शब्दांत ज्यांचे कारण नोंदविले जाते, त्यांतील काही आगींची बीजे अशा बदलांत असतात.

नवी उपकरणे, जुने खटके

या प्रश्नाला आता नवे परिमाण लाभले आहे. आजचे वातानुकूलन यंत्र, धुलाई यंत्र, विजेवरच्या दुचाकीचा चार्जर यांच्या आत वीज प्रत्यावर्ती रूपातून एकदिश रूपात बदलली जाते. त्यांच्यातील बिघाडाने होणारी गळती नेहमीच्या लहरीसारखी नसते. घरांत वर्षानुवर्षे बसविले गेलेले ‘एसी’ प्रकारचे आरसीसीबी केवळ प्रत्यावर्ती गळती ओळखतात. स्पंदित एकदिश गळती ओळखण्यासाठी ‘ए’ प्रकार लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीत विद्युत वाहनांच्या चार्जिंग केंद्रांसाठी किमान ‘ए’ दर्जाच्या संरक्षणाची अट घातली. घरच्या पार्किंगमध्ये लांबविलेल्या तारेवर दुचाकी चार्ज करणाऱ्याला मात्र ही अट ठाऊकही नसते. येथे धोका उलट दिशेचा आहे. कारण नसताना खटका पडण्याचा त्रास नव्हे, तर कारण असूनही तो न पडण्याचा.

जबाबदारी कोणाची?

नियमांची वानवा नाही. प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी, अगदी लहान भाराच्या जोडण्या वगळता, गळतीविरोधी साधन बंधनकारक केले आणि घरगुती जोडणीसाठी त्याची कमाल मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविली. २०२३ मध्ये त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी तत्त्व कायम राहिले. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, असेही नियम सांगतात. परंतु नियमाची नजर जोडणी देतानाच्या दिवसावर असते. पुढच्या तीस वर्षांत त्या पेटीत काय होते, याकडे पाहणारा कोणी नाही.

वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. विद्युत निरीक्षक बहुधा अपघातानंतर घरात येतो. विकासकाने इमारत सोपविली की त्याचा संबंध सरतो. उरतो तो वायरमन, आणि त्याला मोबदला मिळतो तो दिवे लावून देण्याचा, कारण शोधण्याचा नव्हे. मेगर घेऊन तीन तास न्यूट्रल सोडवीत बसणाऱ्याला त्या तीन तासांचे पैसे द्यायला घरमालक तयार नसतो. वीतभर तारेने दहा मिनिटांत उजेड करून देणारा त्याला हुशार वाटतो. सुरक्षेचा बाजार असा उलटा चालत असेल, तर एकट्या वायरमनला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना आता ठरावीक काळाने इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करावे लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. उद्वाहनाचीही तपासणी होते. या साखळीत सदनिकेच्या आतील वीजपेटी तेवढी सुटलेली आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी करणारी संस्था त्याच सुमारास एका परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक घराचा आवरणरोध, अर्थिंग आणि आरसीसीबीची स्थिती मोजून घेऊ शकते. पन्नास घरांचे काम एकत्र दिल्यास खर्च विभागला जाईल आणि मोजमापाची नोंदही संस्थेकडे राहील. पुढच्या वर्षी एखाद्या घराचा आकडा घसरलेला दिसला, तर खटका पडण्याआधीच दोष कळेल. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरेसा आहे.

घरातील ताप हे जसे आजाराचे नव्हे तर शरीराच्या प्रतिकाराचे लक्षण असते, तसा पडणारा खटका हा बिघाड नसून बिघाडाची वर्दी आहे. ती गैरसोयीच्या वेळी येते, अंधारात येते आणि नेमके नाव सांगत नाही, हे खरे. परंतु वर्दी देणाऱ्यालाच वाटेतून दूर केल्याने चोर निघून जात नाही. तो घरातच राहतो आणि त्याला हटकणारे कोणी उरत नाही. ज्या घरांत गेल्या पावसाळ्यात खटका वारंवार पडत होता आणि यंदा एकदाही पडलेला नाही, त्यांनी निश्चिंत होण्याआधी पेटीपाशी जावे आणि ‘टी’ लिहिलेली ती कळ एकदा दाबून पाहावी. दिवे गेले, तर समाधान मानावे.